आणि तेव्हा तिकडे?

सोमवार, २६ ऑक्टोबर १९९८

झालं एकदाचं. बटाटे काढणीच्या हंगामाची ऑक्टोबरातली सुट्टी संपून आज शाळा उघडली आणि मी कर्स्टी आणि ल्यूइस दोघांनाही शाळेतून काढलं. हेडबाईंच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली. आजपासून माझी मुलं घरी शिकतील, आपला, डूगल पेट्री. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाल्या, "मिस्टर पेट्री, असं होत नसतं." मी म्हणालो, "होतं. कायदा वाचा." माझ्या बहिणीनं नॉटिंगहॅमहून पुस्तिका पाठवली आहे. तिच्यात स्वच्छ लिहिलंय की शाळेला एक चिठ्ठी द्या आणि मोकळे व्हा. बाई आणखी काही बोलणार होत्या, पण मी थांबलो नाही. थांबलं की माणूस ऐकायला लागतो.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मलाच शंका आली तर वाचता येईल. कर्स्टी दहा वर्षांची आहे. शाळेतला इतिहास म्हणजे एका सत्रात व्हायकिंग, पुढच्या सत्रात दुसरं महायुद्ध, मग मधेच रोमन. रोमन व्हायकिंगांच्या नंतर आले असं ती परवापर्यंत समजत होती. पण पोरगी विचारणारी. व्हायकिंग इथे आले तेव्हा तिकडे चीनमध्ये काय चाललं होतं, असं तिनं वर्गात विचारलं. बाई म्हणाल्या, ते आपल्याला नाही. तिनं पुढच्या तासाला परत विचारलं. वर्गाला आयतंच मिळालं. आता सगळी शाळा तिला 'तेव्हातिकडे' म्हणते. मधल्या सुट्टीत ती संडासात कडी लावून बसते. सकाळी लापशी खाते आणि दारातच ओकते. मी शाळेत जाऊन भांडलो तर म्हणाले, मुलं आहेत, चालायचंच. चालायचंच असेल तर माझ्या मुलीशिवाय चालू दे.

बायको, शोना, सकाळच्या पाळीला बस चालवायला गेली होती. संध्याकाळी तिला सांगितलं. ती बूट काढता काढता म्हणाली, "मला विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"म्हणूनच विचारायचं असतं, डूगल."

बुधवार, २८ ऑक्टोबर

पॅसेजमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत कपडे वाळत घालायच्या दोन दोऱ्या बांधल्या. वरची ब्रिटनची, खालची जगाची. प्रत्येक घटनेचं एक कार्ड, चिमट्यानं लटकवायचं, आणि एका काळातली दोन्ही कार्डं वर-खाली समोरासमोर. कल्पना माझीच. कारखाना बंद झाल्यापासून प्रथमच हातांना काम मिळाल्यासारखं वाटलं. सतरा वर्षं मी घड्याळं जोडली. कुठलं चाक कुठल्या चाकात बसतं हे मला कळतं.

खालच्या मजल्यावरून सासूबाई चढून आल्या. नेटा आजी म्हणजे उभा जन्म तागाच्या गिरणीत माग चालवलेली बाई. मागाच्या आवाजावर बोलायची सवय अजून गेलेली नाही. दोऱ्यांखालून वाकून आत आल्या आणि म्हणाल्या, "ब्रिटन वर आणि जग खाली? हे कुणी ठरवलं?"

"कुठलंतरी वर लागणारच."

"मग स्कॉटलंड कुठेय? का ते गच्चीवर?"

ल्यूइस हसून हसून लोळला. सात वर्षांचा आहे, त्याला काय. कर्स्टीनं मात्र सगळे चिमटे काढले आणि जग वर लावलं. म्हणाली, "मला खालचं नीट दिसतं, बाबा. आणि आपलं मला पाठ व्हायला हवं." पण उद्या मी परत बदलणार आहे.

सोमवार, २ नोव्हेंबर

बदललं नाही. राहू दे.

कर्स्टी सकाळी लापशी खाऊन टेबलाशीच बसून राहिली. ओकली नाही. शुक्रवारीही नाही, आजही नाही. मी शोनाला दाखवलं. तिनं मान हलवली आणि विचारलं, "गणित कधी?"

गुरुवार, ५ नोव्हेंबर

लायब्ररीतून पिशवी भरून पुस्तकं आणली. आज दुसरा चार्ल्स. त्याला पोर्तुगालची राजकन्या दिली आणि हुंड्यात मुंबई नावाचं बेट. कर्स्टीला वाटलं मी चेष्टा करतोय. "बेट? माणसांसकट?"

"माणसांसकट."

"त्यांना विचारलं का?"

सासूबाई चहा ढवळत होत्या. म्हणाल्या, "मला लग्नात दोन चादरी मिळाल्या. त्यातली एक माझ्याच आईनं नंतर परत नेली."

आता प्रश्न आला की हे कार्ड कुठल्या दोरीवर. चार्ल्स ब्रिटनचा, मुंबई जगाची. बराच वेळ वाद झाला. शेवटी कर्स्टीनं सुतळीचा तुकडा घेऊन कार्ड दोन्ही दोऱ्यांच्या मधोमध टांगलं. संध्याकाळपर्यंत मधे लोंबणारी आणखी पाच-सहा कार्डं झाली. चहा, साखर, ताग, बटाटा. पॅसेजमधून आता सरळ चालता येत नाही.

बुधवार, ११ नोव्हेंबर

जिन्यात वरच्या मजल्यावरचा स्पिंक भेटला. "काय पेट्री, किटली उकळली का?" गिरणीच्या दिवसांत या डंडीत बायका कमवायच्या आणि नवरे घरी आधण ठेवायचे, त्यांना सगळं गाव किटलीवाले म्हणायचं. गिरण्या गेल्या, टोमणा राहिला. मी म्हणालो, "उकळली. ये, तुझ्या डोक्यावर ओततो." सासूबाईंनी खालून ऐकलं असावं. दार उघडून त्या मोठ्यानं म्हणाल्या, "स्पिंक, माझा बाप किटलीवाला होता. त्यानं सहा पोरं वाढवली. तुझ्या बापानं काय वाढवलं? पोट." आणि दार लावून घेतलं. त्या माझ्या बाजूनं बोलल्या की नुसत्या बोलल्या, ते कळायला मार्ग नाही.

खरं सांगायचं तर मला इतिहासच येतो, आणि तोही अर्धा. रोज मुलांपेक्षा एक प्रकरण पुढे वाचतो. गणित शोनाच घेते, बसच्या वेळापत्रकावर. ल्यूइस खिडकीत बसून मैदानाकडे बघतो. त्याला फुटबॉल हवाय. सवय होईल.

मंगळवार, १७ नोव्हेंबर

आज सतराशे सात. हा धडा मी उभं राहून शिकवला. इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या पार्लमेंटांचं लग्न लागलं, दोघांचं मिळून ब्रिटन झालं, आणि आपले सरदार कसे विकले गेले, सगळं सांगितलं. पुढच्या वर्षी, जवळजवळ तीनशे वर्षांनी, आपलं पार्लमेंट परत यायचंय, तेही सांगितलं. कर्स्टीनं विचारलं, "म्हणजे तेव्हा सगळंच गेलं?" मी टेबलावर मूठ आपटली. "सगळं नाही. लिही. पार्लमेंट एक झालं, पण कोर्टं, चर्च आणि शाळा यांचे कायदे स्कॉटलंडचे स्कॉटलंडकडेच राहिले. ते आजपर्यंत कुणाच्या बापाला घेता आले नाहीत." तिनं ते मोठ्या अक्षरात लिहिलं, 'शाळा' खाली रेघ मारली आणि कार्ड पॅसेजच्या मध्यावर लावलं. सगळ्या दोरीवर इतकं सुंदर कार्ड दुसरं नाही.

वर जगात त्याच वर्षी औरंगजेब वारला. ल्यूइसला तेवढंच आवडलं, कारण तो फार म्हातारा होता.

शुक्रवार, २० नोव्हेंबर

कौन्सिलच्या शिक्षण खात्यातून फोन. कोणी वेडरबर्न मंगळवारी घरी येणार. येऊ दे. पुस्तिका टेबलावर काढून ठेवली आहे, महत्त्वाच्या ओळींखाली लाल रेघा मारून. हेडबाईंनी चुगली केलेली दिसते. त्या माणसाला असा पाठवतो की परत जिना चढणार नाही.

मंगळवार, २४ नोव्हेंबर

लिहायची इच्छा नाही, पण लिहितो.

वेडरबर्न म्हणजे भिजलेल्या कोटातला सभ्य माणूस. आधी त्यानं दोऱ्या पाहिल्या, अगदी पहिल्या कार्डापासून, वाकून वाकून. मधे लटकलेल्या कार्डांपाशी हसला. मुंबईबद्दल कर्स्टीला विचारलं आणि तिनं भराभर सांगितलं. मला वाटलं, जिंकलो. मग तो सतराशे सातशी थांबला. पूर्ण कार्ड मोठ्यानं वाचलं.

"हे कुणी लिहिलं?"

"मी," कर्स्टी म्हणाली. "बाबांनी सांगितलं."

"अगदी बरोबर आहे," तो म्हणाला, आणि स्वयंपाकघरात येऊन बसला.

मी पुस्तिका पुढे सरकवली. त्यानं ती उलटून मागचं पान पाहिलं. "मिस्टर पेट्री, ही इंग्लंडची आहे."

"ब्रिटनची आहे."

"इंग्लंड आणि वेल्सची. तिकडे चिठ्ठी पुरते. आपल्याकडे मुलाला सरकारी शाळेतून काढायचं तर आधी कौन्सिलची संमती लागते. आपला कायदा वेगळा आहे. तुमच्या मुलीनं लिहिलंय तसा."

दारातून कर्स्टी हळूच म्हणाली, "बाबा, सतराशे सात."

पुढचं त्यानं शांतपणे सांगितलं. संमती नसताना मुलं घरी आहेत म्हणजे ती शाळा बुडवताहेत. सोमवारपासून त्यांना परत पाठवायचं, अर्ज करायचा, काय शिकवणार ते लिहून द्यायचं, निर्णय नाताळनंतर. नाही पाठवलं तर हजेरीचा हुकूम, आणि मग कोर्ट. निघताना म्हणाला, "अर्ज करा. दोऱ्यांबद्दल जरूर लिहा." मला त्याचा राग यायला हवा होता, पण त्यानं रागावण्याजोगं काही केलंच नव्हतं.

त्याच्या मागे दार लागल्यावर सासूबाई म्हणाल्या, "लोका सांगे ब्रह्मज्ञान." बाकीचं त्या बोलल्या नाहीत, बोलायची गरजही नव्हती. कर्स्टी तोवर संडासात गेली होती. आतून ओकण्याचा आवाज आला.

बुधवार, २५ नोव्हेंबर

पाठवणार नाही. हुकूम काढा, कोर्टात खेचा, तुरुंगात घाला. शोनाला हेच सांगितलं.

ती म्हणाली, "तुरुंगात तू जाणार, बस मी चालवणार, आणि शिकवणार कोण? स्पिंक?"

"मग काय, पोरीला परत त्या खाटिकखान्यात पाठवू?"

"ती शाळेच्या संडासात कडी लावते आणि तू या घरात. कारखाना गेल्यापासून बेकारभत्त्याची सही करायला जातोस तेवढंच, नाहीतर जिना उतरत नाहीस. मुलांना तिच्यासाठी काढलंस की तुला सोबत हवी होती म्हणून?"

मी उत्तर दिलं नाही. वहीतही देत नाही.

रविवार, २९ नोव्हेंबर

अर्ज लिहिला. दोघांच्या नावानं लिहिला तर ल्यूइसनं त्याचं नाव खोडलं. "मला शाळेतच राहायचंय. उद्या मी गोलकीपर आहे." घरचा भेदी. खोडलेलं तसंच ठेवलं आणि बाजूला सही केली.

कर्स्टी उद्या जाणार, कारण जावंच लागणार. पण मी तिला वचन दिलंय की मधल्या सुट्टीत संडासात बसायचं नाही, कुंपणाशी यायचं. मी तिथे असेन. पलीकडचा फूटपाथ कुणाच्या बापाचा नाही.

सोमवार, ३० नोव्हेंबर

आज आपल्या स्कॉटलंडच्या संत अँड्र्यूचा दिवस आणि नदीवरून असा वारा की कान गळून पडावेत. मी लोखंडी गजांच्या बाहेर, कर्स्टी आत. कोटाच्या खिशातून कार्डं काढली आणि शिकवायला लागलो. राजा विल्यम आणि राणी मेरी, उजळणी म्हणून. तिचं लक्ष नव्हतं. मागे पोरांची रांग लागली होती, "तेव्हातिकडे, तेव्हातिकडे, तुझा बाप बाहेर कसा?" मी एका लाल केसांच्या कार्ट्याला काय वाटेल ते बोललो. ते ऐकून हेडबाई बाहेर आल्या.

"मिस्टर पेट्री, इथे उभं राहता येणार नाही."

"फूटपाथला कुणाची संमती लागते का? या वेळी मी वाचून आलोय."

बाई गेल्या. कर्स्टीनं मान खाली घातली होती. मला वाटलं होतं ती हसेल.

शुक्रवार, ४ डिसेंबर

रोज जातो. सकाळी ती ओकतेच. पण सुट्टीत कुंपणाशी येते. काल मी तिला विचारलं, मी येणं बंद करू का. ती म्हणाली, "ये. पण त्यांच्यावर ओरडू नकोस." ओरडत नाही. दात आवळून तह, लढाया आणि राजे सांगतो. काही पोरं उगाच येऊन उभी राहतात, चिप्स खात.

गुरुवार, १० डिसेंबर

आज बेकारभत्त्याची सही करायला जायचं होतं, म्हणून सासूबाईंना पाठवलं. परत येताना शाळेवरून आलो तर कुंपणाशी ही गर्दी. मला वाटलं मारामारी. बघतो तर आमच्या नेटा आजी गज धरून उभ्या, आणि सोळाशे एक्कावन्न चाललेलं. इंग्लंडच्या जनरल मंकनं डंडी कशी फोडली, रस्त्यात रक्त कसं वाहिलं, लुटीची जहाजं नदीच्या तोंडाशी कशी बुडाली. "सोनं अजून तळाशी आहे, माझी आजी शपथेवर सांगायची." पुस्तकांत या सोन्याला काडीचा आधार नाही. पोरं तोंड उघडं टाकून ऐकत होती. मी इतके दिवस तहांच्या तारखा सांगतोय तेव्हा कुणी चिप्सचा पुडासुद्धा बंद केला नव्हता.

आणि तो लाल केसांचा कार्टा कर्स्टीकडे वळून ओरडला, "ए तेव्हातिकडे! तेव्हा तिकडे?" माझं रक्त उसळलं. ती म्हणाली, "आग्र्याला ताजमहाल बांधून होत आला होता." मग दुसरी एक ओरडली, "आणि चीनमध्ये?" कर्स्टी गजाच्या खालच्या पट्टीवर उभी राहून सांगत होती. घंटा होईपर्यंत पोरांनी तिला छळलं.

घरी येताना मी म्हणालो, "कधी सोडणार ही पोरं तिला त्या नावावरून?"

सासूबाई म्हणाल्या, "मागावर मी बहिरी झाले. तुला काय झालंय?"

बुधवार, १६ डिसेंबर

सासूबाई आणि मी आता आळीपाळीनं जातो. माझ्या दिवशी गर्दी कमी असते. मी पण थोडं रक्त घालायला लागलोय.

कर्स्टीनं आज दोनदा लापशी मागितली. हवा थंड आहे, भूक लागतेच. शाळेतून आल्यावर लगेच पुस्तक घेऊन बसते, उद्या विचारतील म्हणते. त्रासाची इतकी तयारी करावी लागते पोरीला.

मंगळवार, १९ जानेवारी १९९९

संमती आली. कर्स्टी पेट्री हिला घरी शिकवण्यास हरकत नाही, पुढच्या सोमवारपासून. मी पॅसेजमध्ये उडी मारली आणि अठरावं शतक डोक्यात अडकलं. शोनाला सांगायला बस डेपोत धावलो, तिथल्या लोकांनीही टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी ब्रायड्या आणल्या, खिमा भरून भाजलेल्या, गरम. सगळ्यांना दाखवून झालं.

कर्स्टी म्हणाली, "छान." मग ब्रायडी खाऊन झाल्यावर म्हणाली, "शुक्रवारपर्यंत मी जाणार."

"कशाला? उद्यापासून घरी राहिलीस तर कुणी काही म्हणणार नाही."

"मला नेपोलियन संपवायचाय. मॉस्कोत अर्धा राहिलाय."

"तो मी घरी संपवेन."

"तुझ्यासाठी नाही, बाबा. त्यांच्यासाठी."

मला काही कळेना. शोनाला कळलं असावं, कारण तिनं मला टेबलाखालून लाथ मारली.

शुक्रवार, २२ जानेवारी

मधल्या सुट्टीत मी कुंपणाशी गेलो तर कर्स्टी म्हणाली, "आज तू नको सांगूस." म्हणून मी नुसता उभा राहिलो. ती आत, पोरं तिच्याभोवती, आणि माझ्याकडे तिची पाठ. तिनं नेपोलियनला बर्फातून परत आणला. घोडी खाल्ली, बोटं गळाली, सगळं. लाल केसांच्या पोरानं विचारलं, आणि तेव्हा तिकडे. तिनं अमेरिका सांगितली, चीन सांगितला, आणि आफ्रिकेतल्या एका राजाबद्दल विचारलं तेव्हा म्हणाली, "ते मला माहीत नाही." कुणी हसलं नाही. मी इतके दिवस घरी शिकवतोय, पण 'मला माहीत नाही' हे एकदाही म्हटलेलं नाही, आत्ता लिहिताना लक्षात आलं.

साडेतीनला ती दप्तर घेऊन मुख्य दारातून बाहेर आली. आधी वर्गातल्या बाईंना भेटली, मग हेडबाईंना. ऑक्टोबरमध्ये मी हेडबाईंच्या टेबलावर चिठ्ठी टाकून पळालो होतो, तिनं त्यांच्याशी हात मिळवला. लाल केसांचा पोरगा दाराशी उभा होता. म्हणाला, "सोमवारी कुणाला विचारायचं मग?"

"लायब्ररीत ये. शनिवारी मी असते."

बस स्टॉपवर वारा झोंबत होता. मी म्हणालो, "राहायचं असेल तर राहा. संमती परत करता येते. मी विचारलंय वेडरबर्नला." खोटं होतं, विचारलं नव्हतं. पण विचारलं असतं.

"नको. मला घरीच शिकायचंय. मला सलग हवंय, तुकड्यातुकड्यांत नको."

"मग संमती आल्यावरही हे तीन दिवस कशाला गेलीस? पुन्हा शेवटचा शुक्रवारसुद्धा?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी ल्यूइसकडे पाहतो. "तेव्हा तू मला शाळेतून काढलंस, बाबा. आज मी शाळा सोडली."

बस आली. शोनाचीच होती. कर्स्टीनं आईच्या मागची पहिली सीट घेतली, दप्तर शेजारी ठेवलं आणि मला म्हणाली, "तू मागे बस."

मी मागे जाऊन बसलो.